११ जुलै : सुरक्षा कोणाची?

काही दिवसांपूर्वी आमच्या भागातील एका बुद्धविहारात संविधानावर माझे व्याख्यान होते. व्याख्यान संपले, प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ उपासक उभे राहिले. म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही तासभर यूएपीए, मकोका, जनसुरक्षा कायदा असे काय काय सांगितले. पण आपण काही बॉम्ब फोडत नाही, बंदूक हातात धरत नाही. आपण तथागताची माणसे. मग आपल्याला या कायद्यांची भीती कशाला? उलट अतिरेक्यांसाठी कायदा जितका कडक तितका चांगला." विहारातील निम्म्या माना होकारार्थी हलल्या.

बाबांच्या प्रश्नात खोट नव्हती. उभी हयात त्यांनी रेल्वेत काढली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात जी माणसे गोळ्यांना बळी पडली, ती लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत बोचक्यावर बसलेली साधी माणसे होती. त्या हल्ल्यात १६६ लोक गेले. दहशतवादी जात विचारून गोळी घालत नाही, पण गर्दीच्या फलाटावर मरायला गरीबच असतो. जगण्याचा हक्क हा सर्व हक्कांचा पाया. तो हिरावून घेणारा दहशतवादी मानवी हक्कांचा पहिला शत्रू होय. तेव्हा नागरी स्वातंत्र्याची बाजू घेणारा माणूस दहशतवाद्यांविषयी मवाळ असतो, हा प्रचार मुळातच खोटा आहे.

परंतु बाबांना मी जे उत्तर दिले ते वेळेअभावी अपुरे राहिले. म्हणून आज ते सविस्तर मांडतो. त्यासाठी एकच तारीख घेतो. ११ जुलै.

पहिली ११ जुलै १९९७ सालची. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. सकाळी संतप्त जनता रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जणांचे प्राण गेले. त्यावर सरकारी उत्तर काय आले? तर म्हणे जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. टँकर पेटले असते तर परिसर भस्मसात झाला असता, म्हणून सार्वजनिक सुरक्षेसाठी गोळीबार करावा लागला! गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरून जन्मठेप सुनावली. पण टँकरची ती कथा विसरू नका. 'सुरक्षा' या शब्दाची आपल्या वस्तीशी झालेली ती ओळख आहे. मेले आपले आणि धोकादायक ठरले तेही आपलेच.

दुसरी ११ जुलै २००६ सालची. संध्याकाळी, कामावरून घरी परतण्याच्या वेळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मकोका लावण्यात आला. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळख परेड सदोष, स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेदेखील सरकार पक्ष सिद्ध करू शकला नाही, असे न्यायालयाला दिसून आले. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. बारापैकी एक जण तर हा निकाल ऐकायला जिवंतही नव्हता, तो आधीच तुरुंगवासात मरण पावला होता.

तिसरी ११ जुलै २०२५ सालची. त्या दिवशी महाराष्ट्र विधान परिषदेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. विधानसभेने ते आदल्याच दिवशी मंजूर केले होते. संयुक्त समितीकडे या विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या होत्या.

आता या तीन तारखा शेजारी ठेवा. पहिल्या तारखेला सुरक्षेच्या नावाखाली निरपराध मेले. दुसऱ्या तारखेला निरपराध मेले, आणि कडक कायदा हाताशी असूनही एकोणीस वर्षांनंतर त्यांना कोणी मारले याचे पक्के उत्तर देशाजवळ राहिले नाही. आणि तिसऱ्या तारखेला आणखी एक कडक कायदा आला. यात सुरक्षा नेमकी कोणाची झाली?

इथे कोणी म्हणेल, हक्कांच्या गोष्टी करत बसाल तर अतिरेकी सुटतील. मी त्यांना कसाबच्या खटल्याकडे बोट दाखवतो. गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलत अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. त्या कसाबला वकील देण्यात आला. त्याचा कबुलीजबाब पोलीस अधिकाऱ्याने नव्हे, तर सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेनुसार न्यायदंडाधिकाऱ्याने नोंदवला. साक्षीदार तपासले गेले, उलटतपासणी झाली, अपील उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात ऐकले गेले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. हल्ला ते अंतिम शिक्षा, सारे चार वर्षांच्या आत. महत्त्वाचे म्हणजे याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी तिन्ही न्यायालयांनी निर्दोष ठरवले. न्यायालयाने दोषीला दोषी आणि निर्दोषाला निर्दोष म्हटले. म्हणूनच तो निकाल जगासमोर ताठ मानेने उभा राहू शकला.

एकीकडे न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब आणि दुसरीकडे मकोकाखाली पोलीस अधिकाऱ्यासमोरचा जबाब. दोन्ही खटले मुंबईचेच. आमच्या पुरावा कायद्यात पोलिसासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य नाही, ही तरतूद ब्रिटिशांनी केली होती. पोलीस कोठडीत कबुली कशी निघते हे इंग्रजालाही ठाऊक होते! टाडाने आणि नंतर मकोकाने ही भिंत पाडली. भिंत पडली की तपास आळशी होतो. चपला झिजवून पुरावा शोधण्यापेक्षा कोठडीत कबुली घेणे सोपे असते. मग निरपराध आत जातो आणि खरा गुन्हेगार बाहेर मोकाट फिरतो. म्हणजे नागरी स्वातंत्र्य पायदळी तुडवल्याने सुरक्षा वाढत नाही, तर सुरक्षाही हातची जाते.

आता या कायद्यांचा आजवरचा हिशेब पाहू. टाडा १९८५ साली आला, १९९५ साली मे महिन्यात त्याची मुदत संपली. त्याखाली ७६ हजारांहून अधिक लोक पकडले गेल्याचे आणि शिक्षेचे प्रमाण शेकडा दोनहूनही कमी असल्याचे सांगितले जाते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी १९९५ साली खासदारांना पत्र लिहून या कायद्याला मुदतवाढ देऊ नका, असे विनवले होते. २००२ साली पोटा आला. तो संसदेच्या संयुक्त बैठकीत मंजूर करून घ्यावा लागला. तमिळनाडूचे खासदार वायको यांच्या पक्षाने पोटाला पाठिंबा दिला होता. त्याच वर्षी एका भाषणाबद्दल वायकोंना पोटाखालीच अटक झाली आणि दीड वर्षाहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले! 'हा कायदा माझ्यासाठी नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने वायकोंची आठवण ठेवावी. २००४ साली पोटा रद्द झाला, पण त्यातील बराचसा भाग १९६७ च्या यूएपीए कायद्यात मागील दाराने आणून बसवण्यात आला. २६/११ नंतर २००८ साली त्यात जामिनाच्या जाचक अटी आल्या. २०१९ साली संघटनेबरोबर एकट्या व्यक्तीलाही खटल्याविना 'दहशतवादी' घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारने घेतला. काँग्रेस असो की भाजप, दोघांनीही आपापल्या काळात या कायद्याला धार लावली आहे, हे आपल्या लोकांनी नीट ध्यानात घ्यावे.

आणि फलित? केंद्र सरकारनेच २०२१ साली राज्यसभेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ लोकांना अटक झाली. त्याच काळात दोषी ठरले १३२. एका वर्षी अटक झालेल्याचा निकाल पुढे कधीतरी लागतो, हे मान्य. तरीही दरी केवढी मोठी आहे ते दिसतेच. या कायद्यात प्रक्रिया हीच शिक्षा असते.

ती कशी, हे वकिलीतल्या एका अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यात अत्याचाराच्या विरोधात मोर्चा निघाला. दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे एका बी.ए.च्या विद्यार्थ्याला घरातून उचलले. झडतीचा पंचनामा मी नंतर पाहिला. त्यात मोबाइल होता, मोर्चाची पत्रके होती आणि 'आक्षेपार्ह साहित्य' या सदराखाली चार पुस्तके होती. त्यांतील दोन होती बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड! जे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून स्वतः छापते, शासकीय ग्रंथागारात विकते, तेच गरिबाच्या घरात सापडले की आक्षेपार्ह. त्याची आई मला म्हणाली, "साहेब, त्याला मीच सांगितलं होतं, बाबासाहेब वाच म्हणून. माझीच चूक झाली का?" त्या प्रश्नाला कोणत्या कायद्याच्या पुस्तकात उत्तर आहे?

त्या मुलावर गुन्हा साध्या कलमांखाली होता. दगड मारताना त्याला पाहिल्याचे कोणीही सांगत नव्हते. आम्ही जामीन अर्ज केला, न्यायालयाने कागद पाहिले आणि अकराव्या दिवशी मुलगा घरी आला. परीक्षेलाही बसला. आता समजा, तोच मुलगा, तीच पुस्तके, तोच मोर्चा, पण कलम यूएपीएचे. साध्या कायद्यात साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीएखाली न्यायालयाच्या परवानगीने ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढते. म्हणजे सहा महिने आत, आणि आरोप काय ते धड कळलेले नाही. आरोपपत्र आल्यावर जामीन मागायचा तर कलम ४३ ड (५) आडवे येते. पोलिसांच्या कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन देता येत नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या टप्प्यावर न्यायालयाने पुराव्याची बारकाईने छाननी करू नये. मग बचाव पक्षाच्या वकिलाने करायचे काय? ज्या कागदाच्या खरेपणाबद्दलच वाद आहे, तो कागद तूर्त खरा धरून चला, असा हा प्रकार झाला. मुलाची बी.ए. गेली, नोकरीचे वय गेले, आईची रोजी कोर्टाच्या चकरांत गेली आणि दहा वर्षांनी निकाल आला, 'निर्दोष'. या निर्दोष शब्दाचे करायचे काय?

बाबा, आपण बॉम्ब फोडत नाही हे खरे. पण आपल्याला नक्षलवादी ठरवायला बॉम्ब लागतोच असे नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर. महिनाभर प्रस्थापित माध्यमांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही. नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनांमागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचे सांगितले. गावात चौघांना मारणाऱ्यांना ॲट्रॉसिटी कायदा लागू नाही असे न्यायालयात ठरले, आणि त्याविरुद्ध घोषणा देणारे मात्र नक्षलवादी! सुधीर ढवळे यांना २०११ साली याच प्रकारच्या आरोपाखाली अटक झाली, चाळीस महिने आत राहून २०१४ साली ते निर्दोष सुटले. आणि २०१८ साली त्यांना पुन्हा अटक झाली, ती भीमा कोरेगाव प्रकरणात.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या आपल्या आयाबहिणींवर दगड पडले, गाड्या जाळल्या गेल्या. हल्ल्याबद्दल हिंदुत्ववादी नेत्यांवर गुन्हा नोंदला गेला. पण देशाला दिसले काय? आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर झालेली एल्गार परिषद हाच कट आहे असे सांगण्यात आले आणि वकील, प्राध्यापक, कवी, लेखक अशा सोळा जणांना यूएपीएखाली पकडण्यात आले. प्रा. आनंद तेलतुंबडे यांना शरण जावे लागले तो दिवस होता १४ एप्रिल २०२०, आणि ते जामिनावर बाहेर आले तो दिवस होता २६ नोव्हेंबर २०२२. एक भीमजयंती, दुसरा संविधान दिन. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना कंपवाताने हातात पेला धरता येत नव्हता, पाणी पिण्यासाठी साधी नळी मिळावी म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी आरोपी म्हणूनच त्यांचे निधन झाले. आरोपींच्या संगणकात फाइली बाहेरून घातल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल या तपास संस्थेने २०२१ साली दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. मग खटला चालवा आणि खरे-खोटे करा! पण जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी दोघांना जामीन दिला तेव्हा सहा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला होता, साक्षीदार तीनशेहून अधिक होते आणि आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती.

मी या सर्वांच्या विचारांशी सहमत आहे असे मुळीच नाही. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसेचा व हुकूमशाहीचा मार्ग स्पष्ट शब्दांत नाकारला. तोच आपला मार्ग. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. ती बहुजनांचीच लेकरे होती. खबऱ्या ठरवून आदिवासीचा गळा चिरणारी बंदूक आदिवासींची मित्र असू शकत नाही. हे आपण खणखणीत सांगितले पाहिजे. पण बंदूक हाती घेणारा आणि लेखणी हाती घेणारा यांतला फरक मिटवू देणे हे त्याहून वेगळे पाप आहे.

जनसुरक्षा कायद्याबाबत नेमकी हीच अडचण आहे. मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना अशी सरसकट भाषा होती. विरोधानंतर ती कडव्या डाव्या विचारांच्या 'किंवा तत्सम' संघटनांपुरती करण्यात आली. हे 'तत्सम' कोण, ते ठरवणार कोण? बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत केवळ हिंसा नाही, तर बोलणे, लिहिणे, खुणा करणे, आणि प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे हेही येते. आता ही मोजपट्टी घेऊन २५ डिसेंबर १९२७ ला महाडला चला. मनुस्मृती दहन ही कोणत्या प्रस्थापित व्यवस्थेला दिलेली मानवंदना होती? काळाराम मंदिराचा सत्याग्रह कोणाची आज्ञा मानून झाला? उद्या एखाद्या गावात रस्त्यासाठी, गायरानासाठी, स्मशानभूमीसाठी आपण धरणे धरले आणि तहसीलदाराचा हुकूम मानला नाही, तर आपण 'तत्सम' नाही याची हमी कोण देणार?

बाबासाहेबांनी मात्र कायद्याला कधीच तुच्छ लेखले नाही, हेही आपल्या तरुणांनी समजून घ्यावे. महाडच्या दुसऱ्या परिषदेपूर्वी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून चवदार तळ्याबाबत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक जमलेले, रक्त तापलेले. तरी बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला आणि दहा वर्षे न्यायालयात झुंज दिली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात विजय मिळाला. शिस्त याला म्हणतात. १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेवरून दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना शिक्षा झाली होती, तेव्हा अपिलात बाबासाहेबांनीच बाजू मांडून त्यांना सोडवले. पुस्तिकेची भाषा जहाल होती. पण जहाल बोलणाऱ्यालाही वकील मिळाला पाहिजे, हा धडा त्यांनी कृतीतून दिला.

संविधान सभेतही त्यांनी हेच केले. कलम २१ मध्ये 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द राहिले. म्हणजे संसदेने कसाही कायदा केला की माणसाला आत टाकण्याची वाट मोकळी. ही उणीव बाबासाहेबांना बोचत होती. म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी नवे कलम मांडले, तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा आहे, हे लपवण्याचे कारण नाही. फाळणीच्या आगीतून देश बाहेर पडत होता, राज्यसंस्था टिकवणे आवश्यक होते. पण तिथेही त्यांनी सल्लागार मंडळाचा अंकुश ठेवला. यालाच समतोल म्हणतात. राज्याला हात दिला, पण हाताला मर्यादा घातली. आणीबाणीनंतर १९७८ साली ४४ व्या घटनादुरुस्तीने हा अंकुश आणखी घट्ट करण्याचे ठरले, स्थानबद्धतेची मुदत दोन महिन्यांवर आणण्याची तरतूद संसदेने मंजूर केली. पण तो भाग अंमलात आणणारी अधिसूचना त्यानंतरच्या एकाही सरकारने काढलेली नाही! जनता पक्षाने नाही, काँग्रेसने नाही, भाजपने नाही. सत्तेवर बसलेल्याला अंकुश कधीच आवडत नाही.

आता आपल्याच समाजाला एक कठीण प्रश्न विचारतो. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले आणि दहा वर्षांनी, २०१६ साली, विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्या दहा वर्षांत आपण किती बोललो? २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा जणांचे प्राण गेले. त्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. त्या आरोपींच्या विचारांचा मी कट्टर विरोधक आहे. पण पुरावा नसेल तर त्यांनाही शिक्षा देता येणार नाही, हेच मी म्हणेन. माझा प्रश्न तपासाला आहे. दोन्ही स्फोटांतील मृतांच्या आयांना न्याय कुठे आहे? मुस्लिमाला पकडले की आपण गप्प, आदिवासीला पकडले की आपण गप्प, आणि आपल्या पोराला पकडले की 'लोकशाही धोक्यात' म्हणून ओरड, असे चालणार नाही. कलम २२ मध्ये जात लिहिलेली नाही, धर्म लिहिलेला नाही. ते प्रत्येक 'व्यक्तीला' आहे. शत्रूला नाकारलेला हक्क उद्या आपल्याला मागता येत नाही.

मग सुरक्षेसाठी काय करावे? २६/११ नंतर राम प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीतील उणिवा आणि शस्त्रसामग्रीची दुर्दशा दाखवून दिली. बंदुका, बुलेटप्रूफ जाकिटे, प्रशिक्षण, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, साक्षीदारांना संरक्षण, रिक्त पदे भरणे, यांना पैसा लागतो. कडक कायद्याला फक्त कागद लागतो. म्हणून सरकारला कागद आवडतो. ओंबळे यांच्या हातात लाठी होती, कायदा नव्हे. त्यांच्या हातात चांगले शस्त्र द्या, ही आमची मागणी आहे.

त्याबरोबर चळवळीने पाच मागण्या लावून धरल्या पाहिजेत. यूएपीएचे कलम ४३ ड (५) रद्द करा. अशा खटल्यांना कालमर्यादा घाला. निर्दोष सुटलेल्यांना भरपाई द्या. खोटा पुरावा रचणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. आणि ४४ व्या दुरुस्तीचा राहिलेला भाग अंमलात आणा.

आणि घरातले काम आपले आपणच करायचे आहे. प्रत्येक तालुक्यात दोन वकील आणि चार कार्यकर्ते यांची संरक्षण समिती हवी. प्रत्येक विहारात अटकेच्या वेळचे हक्क मराठीत लिहून भिंतीवर लावा. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम त्यात घाला. यूएपीएखाली अटक केली तरी कारणे लेखी दिलीच पाहिजेत, हे १५ मे २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालाने पक्के झाले आहे, ते घाला. पंचनाम्याची प्रत मागा. मोबाइल, संगणक जप्त होत असेल तर तो तुमच्यासमोर सील झाला की नाही ते पाहा. वकील परवडत नसेल तर कलम ३९ अ नुसार मोफत विधी साहाय्याची व्यवस्था आहे, तालुका विधी सेवा समितीकडे जा. खटला लांबला तर २०२१ च्या के. ए. नजीब निकालाचा आधार घ्या. दीर्घ तुरुंगवास झाला असेल तर यूएपीएच्या अटी असूनही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. आणि मोर्चात दगड उचलणारा हात पहिल्यांदा आपणच धरा. आपला दगड हा त्यांचा पुरावा असतो.

परवा ते बाबा मला पुन्हा भेटले. म्हणाले, "वकीलसाहेब, त्या पोराच्या आईला काय उत्तर दिलंत?" मी म्हणालो, "बाबा, तेव्हा काहीच देता आले नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिला सांगा, चूक तिची नव्हती. आणि त्या भिंतीवर लावायच्या कागदाच्या छपाईचा खर्च माझ्याकडे लागला."

पुढच्या पौर्णिमेला तो कागद आमच्या विहारात लागेल. तुमच्या विहारात कधी लावता?

जयभीम! जय संविधान!